ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम गावात गटाने शिकवायचे आहेत: कुणाला किती, आणि कुणाला अजिबात नको?

माळरान_उपकेंद्र

नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. ऊसतोडीचा हंगाम संपून माणसं गावी परतली की एप्रिल-मेमध्ये आम्ही बायकांच्या बैठका घेतो. या वर्षी विषय ठेवलाय लघवी सुटणं, अंग बाहेर येणं आणि बाळंतपणानंतरची काळजी. एका बैठकीला तीस-पस्तीस जणी असतात. त्यात नववी-दहावीच्या मुली, ओल्या बाळंतिणी, पिशवी काढलेल्या चाळिशीच्या आतल्या बायका आणि त्यांच्या सासवा. जागा म्हणजे एक हॉल आणि पडदा लावलेली तपासणीची एक खोली. फिजिओथेरपिस्ट जिल्ह्याच्या गावी, ५५ किलोमीटरवर.

हाताशी असलेल्या पत्रकात एवढंच लिहिलंय: "लघवी अडवल्यासारखं आवळा, दहा मोजा, सोडा. दिवसातून शंभर वेळा." हे असंच सांगावं का? आतून तपासणी न करता स्नायू बरोबर आवळला जातोय हे कसं ओळखायचं? हा व्यायाम कुणाला देऊच नये? आणि ज्यांना ऑक्टोबरात परत फडात जाऊन मोळ्या उचलायच्याच आहेत त्यांना काय सांगायचं? "वजन उचलू नका" म्हणायला जीभ वळत नाही.

ओटीपोट_फिजिओ

ताई, ते पत्रक आधी बाजूला ठेवा. त्यातल्या तिन्ही सूचना अडचणीच्या आहेत. लघवी करताना मध्येच धार अडवण्याचा व्यायाम केला की मूत्राशय नीट रिकामं होत नाही. पहिल्याच दिवशी दहा मोजायला लावलं तर कमजोर स्नायू दोन-तीन सेकंदांत थकतो आणि पुढचे सात आकडे कुल्ले नि मांड्या काढतात. आणि शंभर वेळा म्हटलं की मोजणी तेवढी होते, व्यायाम होत नाही. ज्यांच्या नावाने हे व्यायाम ओळखले जातात ते अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल १९४८ मध्ये ही पद्धत मांडताना योनीत दाब मोजणारं यंत्र ठेवून एकेका बाईला तिचा स्नायू दाखवून देत होते. नुसतं तोंडी सांगून बऱ्याच जणींना पहिल्यांदा जमत नाही. काही जणी तर आवळण्याऐवजी खाली जोर देतात, म्हणजे आहे ते दुखणं वाढतं.

समजावताना झोळीचं उदाहरण द्या: ओटीपोटाच्या तळाचे स्नायू म्हणजे एक झोळी. फडात लेकरू ज्या झोळीत निजवतात तिचीच आठवण करून द्यायची. ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाला तिचं एक टोक बांधलंय आणि मागे माकडहाडाला दुसरं. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीत बसलेत. झोळी दोन तऱ्हांनी बिघडते. एक, कापड सैल पडतं. दोन, ती इतकी ताणून बांधली जाते की खाली-वर हलतच नाही. सैल झोळीला आवळण्याचा व्यायाम हवा. ताणलेल्या झोळीला आधी सोडायला शिकवावं लागतं, तिला आणखी आवळायला लावलं तर दुखणं वाढेल. लघवी मात्र दोन्हींत सुटू शकते, म्हणून "लघवी सुटते ना, मग आवळ" हे पुरत नाही.

ताणलेली झोळी प्रश्नांवरून ओळखता येते. लघवीला बसल्यावर धार सुरू व्हायला वेळ लागतो का? थांबत थांबत होते का? शौचाला कुंथूनसुद्धा दार उघडत नाही असं वाटतं का? संबंधाच्या वेळी आग होते, दुखतं, आत जातच नाही असं होतं का? माकडहाडाशी, ओटीपोटात सतत ठणका असतो का? यातल्या एकाचंही उत्तर हो आलं तर तिला आवळण्याचा व्यायाम देऊ नका, वेगळं बोलवा.

आता कृती. पहिल्या बैठकीत सगळ्यांना फक्त श्वास आणि सोडणं शिकवा, यात कुणाचंच नुकसान नाही. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, पावलं जमिनीवर, एक हात पोटावर. नाकाने श्वास घेताना पोट फुगतं तशी खालची जागाही हलकेच रुंदावते, खाली उतरते. लघवी सुरू होण्याच्या क्षणाला जसं सैल वाटतं तसं. पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ.

आवळणं याच स्थितीत, श्वास सोडताना. सूचना अशी द्या: "वारा सरतोय आणि खोलीत माणसं आहेत, तर मागची जागा जशी धराल तशी धरा. आता तेच पुढे लघवीच्या जागेपर्यंत ओढत आणा आणि आत, वर उचला." ही सूचना बहुतेकींना लवकर कळते. तीन सेकंद धरायचं, सहा सेकंद पूर्ण सोडायचं, असं पाच वेळा. सुरुवातीला सोडणं धरण्याच्या दुप्पट. घाईत बायका सोडायचं विसरतात आणि मग पुढचं आवळणं अर्ध्यातूनच सुरू होतं. दर आठवड्याला एक-एक सेकंद वाढवत दहापर्यंत जायचं, तेव्हा सोडणंही दहा सेकंद. एका वेळी आठ ते दहा, दिवसातून तीनदा. शेवटी दहा वेळा झटकन आवळून झटकन सोडायचं, कारण या स्नायूत सावकाश काम करणारे आणि चटकन काम करणारे असे दोन्ही तंतू आहेत. खोकला आला की दुसऱ्या प्रकारचे उपयोगी पडतात. झोपून जमलं की बसून, मग उभ्याने. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बारा आठवडे नेमाने केल्याशिवाय "उपयोग नाही" असं म्हणू नये.

बाहेरून तपासायचे तीन मार्ग आहेत, तिन्हींत कपडे काढावे लागत नाहीत. नॅपकिन घट्ट गुंडाळून त्याची मनगटाएवढी जाड वळकटी करा, टणक खुर्चीवर किंवा पाटावर पुढून मागे अशी ठेवा आणि तिला त्यावर बसवा. आवळल्यावर वळकटीपासून जागा वर उचलल्यासारखी वाटली तर बरोबर. वळकटी खाली दाबली गेली तर ती कुंथतेय. दुसरा: तिने स्वतःचं बोट साडीवरूनच माकडहाडाच्या टोकाशी ठेवायचं, आवळल्यावर तिथे आत ओढ जाणवते. तिसरा म्हणजे तुमचे डोळे. श्वास कोंडलाय का, बेंबीच्या वरचं पोट बाहेर आलंय का, कुल्ले वर उचललेत का, गुडघे एकमेकांकडे आलेत का. यातलं काही दिसलं तर ताकद निम्मी करायला सांगा. कमी जोरात केलं की नेमका स्नायू सापडतो.

आणि एक गोष्ट, आवळणं शिकवाल त्याच दिवशी शिकवा. शिंक, खोकला, हंडा उचलणं यांच्या क्षणभर आधी आवळायचं आणि ते होईपर्यंत धरून ठेवायचं. ही जुळणी नीट बसली तर स्नायूची ताकद वाढण्याआधीच काही जणींचं सुटणं कमी होतं.

सिस्टर_रातपाळी

व्यायामाचं वर आलंच आहे. मी विचारण्याबद्दल लिहिते, कारण सगळं तिथेच अडतं.

"तुम्हाला लघवीचा त्रास आहे का?" या प्रश्नाला हॉलमध्ये, सासूच्या शेजारी बसून, नाहीच असं उत्तर येणार. त्यापेक्षा: "शिंकलं की ओलं होतं का? हापशावर जाताना वाटेतच घाई होते का? दिवसाच्या शेवटी खाली जड, गोळा आल्यासारखं वाटतं का? आंघोळीच्या वेळी हाताला काही लागतं का?" हे प्रश्न सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, उत्तर तिथे घेऊ नका. मग बीपी तपासायच्या निमित्ताने एकेकीला पडद्यामागे घ्या. बीपीला सगळ्याच जातात, त्यामुळे कोण कशासाठी गेली हे कुणाला कळत नाही.

शब्द नीट ऐका. "अंगावरून जातं" म्हणजे पांढरं की लाल, हे विचारल्याशिवाय लिहू नका. "अंग बाहेर येतं" म्हणणारीच्या मनात गर्भाशय असतं, पण पुढून मूत्राशय किंवा मागून गुदाशय उतरलेलं असू शकतं. "लघवी धरत नाही" याचे तर तीन अर्थ: खोकल्यावर सुटते, घाई होऊन सुटते, किंवा रात्रंदिवस थेंब-थेंब झिरपत राहते. तिसऱ्या प्रकाराला व्यायामाने काही होत नाही. अडून राहिलेलं बाळंतपण किंवा पिशवी काढण्याचं ऑपरेशन यानंतर सतत झिरपत असेल तर मूत्राशय आणि योनी यांच्यात छिद्र पडलेलं असू शकतं. अशी बाई घरात वेगळं अंथरूण घालून वर्षानुवर्षं काढते. ती बैठकीला येणार नाही, तिच्या घरी आशाताईंना पाठवा. हा आजार शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो.

तपासणी करायचीच असेल तर आधी काय करणार ते चित्रावर दाखवा, "थांब म्हटलं की थांबेन" हे सांगा आणि खरंच थांबा. अंगावर चादर. सोबत कोण हवं ते तिने ठरवायचं, सासूने किंवा नवऱ्याने नाही. नको म्हणाली तर बाहेरच्या तीन खुणांवर काम चालतं, त्यात कमीपणा काही नाही.

स्त्रीरोग_ओपीडी

ऊसतोडीच्या बायकांबद्दल लिहायचं तर आधी गर्भाशय काढण्याबद्दल लिहावं लागेल. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोडीच्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जाण्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, हे तुम्हाला माहीत असेलच. आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं हे की पिशवी काढल्याने लघवी सुटणं किंवा अंग उतरणं थांबत नाही. झोळी सैल असेल तर ती सैलच राहते, आणि पुढे योनीचा वरचा घुमट खाली येऊ शकतो. बीजकोषही काढले असतील तर तिशी-पस्तिशीतच पाळी गेल्यासारखं होतं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी पडून खालची त्वचा पातळ आणि कोरडी होते, लघवीला आग होते, घाई वाढते, जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो. अशा बाईला नुसता व्यायाम दिला तर ती महिन्याभरात कंटाळून सोडेल. डॉक्टरांकडून योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम मिळालं तर त्वचा सुधारते आणि व्यायामही पेलवतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर आधी डॉक्टरांशी बोलूनच.

अंग उतरणं किती, याचं माप योनीच्या तोंडाशी घेतात. जोर दिल्यावर खालचं टोक तोंडाच्या एक सेंटिमीटर आत ते एक सेंटिमीटर बाहेर, एवढ्यात असेल तर दुसरी पायरी. त्याहून आत असेल तर पहिली. या दोन पायऱ्यांवर चार महिने देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने जडपणा, ओढल्यासारखं वाटणं हे पुष्कळ जणींचं कमी होतं. उतरलेलं सगळं जागेवर जाईल असं वचन मात्र देऊ नका. त्याहून बाहेर असेल तर पेसरी हा मार्ग आहे आणि तो आपल्याकडे फार कमी वापरला जातो, याची खंत वाटते. पेसरी म्हणजे योनीत बसवून उतरलेलं अंग वर धरणारी सिलिकॉनची कडी, मापं साधारण ५० ते १०० मिलिमीटरपर्यंत. बसवल्यावर बाईला खोकायला लावायचं, उकिडवं बसवायचं, चालवायचं आणि लघवी करून आल्याशिवाय घरी सोडायचं नाही. कडी जाणवत नसेल, पडत नसेल आणि लघवी अडत नसेल तर माप बरोबर. दोन ते चार आठवड्यांनी पाहायचं, मग दर तीन ते सहा महिन्यांनी काढून, धुऊन, आत जखम नाही ना ते बघून परत. बसवलेली पेसरी रजिस्टरात तारखेसह लिहा. विसरलेली पेसरी आत रुतते, त्यातून रक्त नि दुर्गंधी सुरू होते, क्वचित छिद्रही पडतं.

आता मोळी. "वजन उचलू नका" म्हणू नका, ती उचलणारच आहे. चार गोष्टी सांगता येतात. मोळी लहान बांधायची आणि एक फेरी जास्त करायची. पंचवीस-तीस किलोची मोळी दोघींनी मिळून डोक्यावर चढवायची. उचलताना श्वास कोंडायचा नाही, "हूं" करून सोडत उचलायचं आणि त्याच्या आधी खालची जागा आवळायची. दुपारच्या विसाव्यात कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) कुल्ल्याखाली उशी किंवा चुंबळ ठेवून पंधरा-वीस मिनिटं उताणं पडायचं, त्याने उतरलेलं अंग आत जातं आणि पुढचे दोन-तीन तास सुसह्य होतात. आणि पाणी. फडात आडोसा नसतो म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. लघवी गडद होते, मूत्राशय चिडतं, शौच कडक होतं, मग कुंथणं, आणि कुंथण्याने झोळीवर दाब येतो. रोजचं पाच-दहा मिनिटांचं कुंथणं हे झोळीच्या दृष्टीने मोळीइतकंच वाईट. म्हणून बद्धकोष्ठतेवर इलाज केल्याशिवाय बाकीचा इलाज टिकत नाही.

बालफिजिओ

मुलींचा मुद्दा मागे पडू नये म्हणून लिहितो. नववी-दहावीच्या मुलींना लघवी सुटण्यावरचे व्यायाम नकोत, त्यांना लघवी तुंबवण्याची सवय सोडवायची आहे. शाळेचं स्वच्छतागृह घाण असतं म्हणून सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत धरून ठेवतात, किंवा गेल्याच तर सीटला न टेकता अर्धवट वाकून उभ्या राहतात. त्या अवस्थेत मांड्या आणि झोळी ताणलेलीच राहते, त्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. भारतीय पद्धतीवर पूर्ण उकिडवं बसलं की प्रश्न नाही. दर तीन तासांनी एकदा, तुंबलं नसलं तरी. मुख्याध्यापकांशी बोलून सुट्टीच्या वेळी पाणी आणि कडी या दोन गोष्टींची खात्री करून घेतली तर कुठल्याही व्यायामाहून जास्त उपयोग होईल.

लहान मुलांसाठी मूत्राशयाचं माप लक्षात ठेवायला सोपं आहे: वयात एक मिळवून तीसने गुणा. सात वर्षांच्या मुलाचं साधारण २४० मिलिलिटर. पाय आवळून टाचेवर बसणारं, एका पायावर नाचणारं मूल लघवी धरून ठेवतंय हे ओळखा. चड्डीत शी लागत असेल तर ते जुलाब किंवा आळस समजून मारू नका. बऱ्याचदा आत कडक गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ शी झिरपते. आधी डॉक्टरांकडून औषध घेऊन तो गोळा काढायचा, मग सवय. जेवणानंतर वीस मिनिटांत पाच ते दहा मिनिटं बसवायचं, कारण जेवल्यावर आतडं आपोआप हलतं. कमोड असेल तर पायाखाली पाट. कुंथू नये म्हणून हातात पिपाणी द्या. फुंकर घालताना पोट फुगतं आणि तळ सैल सुटतो. मोठ्यांनाही हे लागू आहे, पिपाणीऐवजी मूठ तोंडाशी धरून फुंकावं. शी शेळीच्या लेंड्यांसारखी असेल तर बद्धकोष्ठता. केळ्यासारखी, गुळगुळीत आली म्हणजे जमलं.

पाच वर्षांच्या आतलं मूल रात्री अंथरुणात लघवी करत असेल तर तो आजार नाही.

माळरान_उपकेंद्र

सगळ्यांचे मनापासून आभार. बीपीच्या निमित्ताने पडद्यामागे घेण्याची युक्ती लगेच वापरणार आहे. दोन प्रश्न उरले. ओल्या बाळंतिणीला कधीपासून काय? घरी पोट घट्ट बांधतात, शेक देतात, पाणी कमी देतात. आणि ज्यांना तुम्ही वेगळं बोलवायला सांगितलं, दुखणाऱ्या, संबंध न जमणाऱ्या, त्यांना उपकेंद्रावर मी काय देऊ शकते?

ओटीपोट_फिजिओ

बाळंतीण. पहिली गोष्ट लघवी: बाळंतपणानंतर किंवा लघवीची नळी काढल्यावर सहा तासांत झाली पाहिजे. नाही झाली तर वाट बघू नका, मूत्राशय ताणलं गेलं की सावरायला बरेच दिवस लागतात. नळी काढली असेल आणि दुखत नसेल तर हलकं आवळणं-सोडणं एक-दोन दिवसांतच सुरू करता येतं; ताकदीसाठी नव्हे, त्या जागेचं भान परत यावं म्हणून. टाक्यांवर पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. शौचाच्या वेळी टाक्यांवर स्वच्छ पॅड हलकेच दाबून धरलं की भीती कमी होते आणि ती शौच रोखून धरत नाही.

टाके किती खोल होते ते डिस्चार्ज कार्डावर बघा. फाटणं गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलं असेल, म्हणजे तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीचं असेल, तर तिला आवर्जून विचारा: वारा धरता येतो का, पातळ शौच धरता येतं का. ती स्वतःहून कधीच सांगणार नाही. अशीला जिल्ह्याला पाठवाच.

पोट बांधण्याला मी सरसकट नाही म्हणत नाही. सिझरच्या टाक्यांना आधार बरा वाटतो. पण बरगड्यांखाली करकचून आवळलेलं पातळ सगळा दाब खाली, नुकत्या ताणलेल्या झोळीवर ढकलतं. पट्ट्याच्या आत सपाट तळहात सहज गेला पाहिजे, खोल श्वास घेता आला पाहिजे, आणि झोपताना काढायचा. शेक कमरेला-पाठीला चालेल. टाक्यांची जागा बधिर असते, तिथे भाजलेलं कळत नाही. पाण्याबाबत आजीशी वाद घालू नका. कोमट पाणी, पेज, कढण, भाजीचं पातळ सार असं मिळून अंगावर पाजणारीला दिवसाला अडीच-तीन लिटर पातळ पदार्थ जाऊ द्या. डिंकाचे लाडू असोत, जोडीला पालेभाजी आणि भिजवलेल्या मनुका हव्यात.

सव्वा महिना बाळापेक्षा जड काही उचलू नये. चालणं रोज दहा मिनिटांपासून. पोटाची फट बघायला उताणं झोपवून डोकं फक्त उचलायला लावा आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवा. दोन बोटांहून जास्त फट असेल, किंवा मध्ये उंचवटा येत असेल तर पोटाचे जोरकस व्यायाम लांबवा, श्वासासोबत बेंबी हलकेच आत घेण्यापासून सुरुवात. सिझरची जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, व्रणावर बोटांनी हलकं वर-खाली, आडवं चोळायचं, रोज पाच मिनिटं. सिझर झालं म्हणून झोळीला काही झालं नाही असं समजू नये. नऊ महिने भार तिनेच वाहिलेला असतो.

आता दुखणाऱ्या. यांना पहिला महिना फक्त सोडणं. पोटाचा श्वास दिवसातून दोनदा. शशांकासन, गुडघे छातीशी घेऊन पडणं, तळवे जुळवून गुडघे बाजूला सोडणं आणि त्याखाली उशा. प्रत्येक स्थितीत दोन मिनिटं. लग्नाला वर्ष-दोन वर्षं होऊन संबंध जमला नाही अशी मुलगी आली तर आधी सांगा की हे तिच्या मनाचे चोचले नाहीत आणि हट्टही नाही. पापणी जशी आपोआप मिटते तसा हा स्नायू दुखण्याच्या धास्तीने मिटतो. जबरदस्तीने तो आणखी घट्ट होतो, म्हणून नवऱ्यालाही, तिची परवानगी असेल तरच, बोलावून सांगा की इलाज चालू असताना संबंधाचा प्रयत्न पूर्ण थांबवायचा. पुढे डायलेटर असतात, म्हणजे योनीला हळूहळू सैल व्हायची सवय लावणाऱ्या, करंगळीच्या जाडीपासून सुरू होणाऱ्या गुळगुळीत कांड्या. ते तिनेच, तिच्याच हाताने, भरपूर वंगण लावून, पाच ते दहा मिनिटं ठेवायचे. एक माप आठवडाभर न दुखता जमलं की पुढचं. खोबरेल चालतं, पण कंडोम वापरत असतील तर तेलाने रबर खराब होतं, तिथे पाण्याचं वंगण घ्यावं. डायलेटर तुमच्याकडे नसतील. श्वास, आसनं आणि तिच्यावर विश्वास ठेवणारं कुणीतरी एवढ्यावर सुरुवात होते, मग जिल्ह्याच्या फिजिओला फोन करून तिचं नाव सांगून पाठवा. नुसती चिठ्ठी देऊ नका, ती पिशवीतच राहते.

वृद्धसेवा_घरोघर

सासवांसाठी थोडं, आणि सासऱ्यांसाठीही.

घाई होऊन सुटणाऱ्या लघवीला मूत्राशयाची शिस्त लागते. आधी तीन दिवसांची नोंद. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरच्या मागे लघवीला गेलं की उभी रेघ, सुटली की ठिपका, चहा प्याला की गोल. दिवसा-रात्री मिळून सहा ते आठ वेळा म्हणजे ठीक. दर तासाला जाणाऱ्या बाईला घाई आली की धावू नका म्हणायचं. जागच्या जागी थांबायचं किंवा बसायचं, पाच-सहा वेळा झटकन आवळायचं, पायाची बोटं जमिनीत रोवायची, लाट ओसरली की सावकाश जायचं. दर आठवड्याला अंतर पंधरा मिनिटांनी वाढवत अडीच-तीन तासांपर्यंत. किमान सहा आठवडे. चहा दिवसाला दोन कपांवर आणला की बऱ्याच जणींना फरक पडतो.

रात्री तीन-चारदा उठणाऱ्या आजींचे पाय बघा. पायावर सूज असेल तर दिवसभर पायात साठलेलं पाणी रात्री झोपल्यावर लघवीवाटे निघतं. दुपारी तासभर पाय उंच करून पडायचं, आणि बीपीची लघवी वाढवणारी गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारायचं. वाटेत दिवा आणि खाटेजवळ भांडं ठेवा. खुब्याचं हाड बऱ्याचदा याच वाटेवर मोडतं.

पुरुषांना लघवी करून आल्यावर दोन थेंब कपड्यात पडतात, त्याची फार लाज वाटते. वृषणाच्या मागे दोन बोटं ठेवून हलकेच पुढे आणि वर दाबत आणलं की मूत्रनळीत अडकलेले थेंब निघून जातात. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ग्रंथी काढायची ठरली असेल तर आवळण्याचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकवायचे, नळी असेपर्यंत थांबायचं, नळी निघाली की पुन्हा सुरू. सूचना बदला: "लिंग आत ओढा, वृषण वर उचला." सुटणं कमी व्हायला तीन महिन्यांपासून वर्षभर लागू शकतं, हे ऑपरेशनच्या आधीच सांगितलं तर माणूस खचत नाही.

आणि ही यादी तुमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा, कारण यात व्यायाम सांगत बसायचं नाही, त्याच दिवशी पुढे पाठवायचं: लघवीतून रक्त, पाळी गेल्यानंतर वर्षाने पुन्हा लाल जाणं, लघवी एकदम अडणं, कंबर दुखून जांघेची, बसण्याची जागा बधिर होणं, थंडी-ताप आणि बरगडीखाली मागे दुखणं, बाहेर आलेलं अंग आत न जाणं, काळं-निळं पडणं किंवा त्यावर जखम होणं.

माळरान_उपकेंद्र

यादी लिहून घेतली. पहिल्या बैठकीत श्वास आणि सोडणं, वळकटीची खूण दुसऱ्या बैठकीत. एकच शंका: पेसरी बसवलेली बाई फडात सहा महिने जाणार, तिची तपासणी कशी साधायची?

स्त्रीरोग_ओपीडी

निघायच्या आधी तिलाच काढायला आणि घालायला शिकवा. हात धुऊन, एक पाय पाटावर ठेवून किंवा उकिडवं बसून, कडीच्या कडेत बोट अडकवून खाली-बाहेर ओढायची. घालताना दुमडून, वंगण लावून, मागच्या बाजूला. तुमच्यासमोर तीनदा जमलं की पुरे. आठवड्यातून एकदा रात्री काढायची, साबणाने धुऊन स्वच्छ फडक्यात ठेवायची, सकाळी परत. संबंधाच्या वेळी काढली तरी चालते. जिला स्वतःला जमत नाही तिची तपासणी निघायच्या आठवड्यात करा आणि ती कोणत्या कारखान्याच्या हद्दीत जाणार ते विचारून तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावे कार्डावर लिहा: पेसरीचं माप, बसवल्याची तारीख, पुढची तपासणी तीन महिन्यांनी. रक्त किंवा घाण वास आला तर तारखेची वाट न बघता काढून टाकायची, आणि काढून टाकल्याने काही बिघडत नाही, हे तिला निघताना पुन्हा एकदा सांगा.